डुगडुगणारा विसावा

सकाळी स्वयंपाकघरात चार पायांच्या तीन गोष्टी होत्या: टेबल, स्टूल आणि मांजर. संध्याकाळी दोन उरल्या.

आईचे गुडघे तिला फार वेळ उभं राहू देत नसत. सगळा स्वयंपाक ती स्टुलावर बसून उरकायची. ते स्टूल शिल्पकार लेकीनं नेलं, त्यावर चहाची गाळणी उपडी ठेवली आणि कलादालनात मांडलं. शिल्पाचं नाव 'विसावा'. निवड समितीनं ते कायमस्वरूपी संग्रहात दाखल करून घेतलं.

"अगं, मग मी बसू कशावर?"

"आई, ते आता स्टूल नाही. बसण्याची संकल्पना आहे."

"मग संकल्पना तिथंच ठेव, लाकूड तेवढं घरी आण."

हे वाक्य लेकीनं पुढच्या मुलाखतीत स्वतःचं म्हणून वापरलं.

शेवटी आईच कलादालनाच्या संचालकांना भेटली. त्यांनी सगळं उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. दालनातली एकमेव रिकामी खुर्ची मागच्या प्रदर्शनातली कलाकृती होती.

"त्याचा एक पाय आखूड आहे हो," आई म्हणाली. "आमच्या ह्यांनी कापताना घोळ घातला. खाली पुठ्ठा सरकवला नाही तर डुगडुगतं. तुमच्या काय कामाचं?"

समितीची तातडीची बैठक झाली. डुगडुगणं जतन करण्यायोग्य ठरलं. पुठ्ठा हा कलाकृतीचा अविभाज्य भाग असून तो घरीच राहिल्याचं निदर्शनास आलं. दोन कर्मचारी तो न्यायला आले. पुठ्ठा मधल्या काळात टेबलाच्या पायाखाली गेला होता, म्हणून त्यांनी तो संदर्भासह, म्हणजे टेबलासकट उचलला. जाताना ते मांजराकडे बराच वेळ बघत होते.

आई पुन्हा दालनात गेली.

"आजी, तुमची अडचण कळते आम्हाला," संचालक म्हणाले. "आमचीही एक आहे. स्टुलाच्या आकाराचा लोकांना अंदाज येत नाही. शेजारी माणूस असला की माप कळतं. उभ्या राहाल?"

"स्टुलाजवळ?"

"अगदी खेटून."

आईनं विचार केला, गर्दी पांगली की घटकाभर टेकता तरी येईल. ती हो म्हणाली. समितीनं तिच्या आणि स्टुलाच्या मध्ये दोरी बांधली आणि पाटी लावली: 'आई. मिश्र माध्यम. हात लावू नये.'

नव्या मांडणीच्या उद्घाटनाला झुंबड उडाली. लेक दाराशी मुलाखत देत होती.

"थकवा काय पकडलाय," एक गृहस्थ बायकोला म्हणाले. "गुडघे बघ, अगदी खरे वाटतात."

"अहो, ती दोरी जरा उचलता का?" आई हळूच म्हणाली. "मला टेकायचंय."

"अय्या, आवाजही आहे," बायको कौतुकानं म्हणाली.

दिवसभरात चारशे बारा प्रेक्षक आले. शिल्पासमोर प्रत्येकजण सरासरी सहा मिनिटं थांबला. डोळे पुसणारे एकोणनव्वद. दोरीची जमिनीपासून उंची पंचेचाळीस सेंटिमीटर. ती उचलणारे शून्य.