उन्हात नवरी, कुलरपुढे कॅमेरा

मानवजातीच्या वाटचालीत काही स्थित्यंतरं अशी येतात की त्यांच्यानंतर जग पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेऱ्यातून सीसीडी सेन्सर जाऊन सीमॉस आला, हे त्यांपैकी एक. निदान अमरावतीतल्या आमच्या राजापेठेतल्या मधुकरभाऊंचं मत तसं आहे. जगाला याची खबरच नाही, हा जगाचा अडाणीपणा.

मधुकरभाऊ माझे शेजारी. खाली त्यांचा स्टुडिओ, वर घर. त्यांना नीट पाहायचं तर मे महिन्यातल्या लग्नात पाहावं. बाकीचे फोटोग्राफर हॉलमधल्या गारव्यात काम उरकतात. भाऊ नवरा-नवरीला भर दुपारी बाहेर पटांगणात काढतात, कारण सीसीडीला भरपूर उजेड लागतो. पण तो तापला की फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. म्हणून दोन फोटोंच्या मधल्या वेळात कॅमेरा कुलरपुढे, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेला. नवरीचं कुंकू नाकापर्यंत उतरतं, नवरदेव फेट्याच्या शेपटाने मान पुसतो, आणि कॅमेरा वाळ्याचा वारा खात बसतो.

अंजनगाव सुर्जीच्या एका लग्नात नवरीच्या मामाने विचारलं, "भाऊ, लगन कोनाचं हाये? पोरीचं का कॅमेऱ्याचं?"

भाऊ शांतपणे म्हणाले, "पोरगी उद्या सासरी जाते. मले तं सेन्सरसंगच राहनं हाये."

हा सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी बसलेली, प्रकाश टिपणारी पाटी. साध्या कॅमेऱ्यात ती पोस्टाच्या तिकिटाएवढी असते, भाऊंच्या कॅमेऱ्यात काडेपेटीएवढी. एवढ्या फरकावर माणसाने किती ऐटीत चालावं, याला काही मर्यादा नसते, हे मी रोज पाहतो. कॅमेरा त्यांनी मुंबईच्या एका जाहिरातवाल्याकडून जुना घेतला. त्याने तो का विकला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की त्याने सीमॉसवाला घेतला होता. हा सीमॉस अंधाऱ्या खोलीतही पाहतो, बॅटरी कमी खातो, भराभर फोटो काढतो, आणि मागच्या पडद्यावर जे दिसतं तेच फोटोत येतं. भाऊंच्या लेखी हे सगळे दुर्गुण.

"सर, सीसीडी म्हणजे गोवरीवर भाजलेलं वांगं. सीमॉस म्हणजे कुकरची शिट्टी. पोट भरते, पन रंगात इमान नाई."

'रंगात इमान नाई' हे त्यांचं हक्काचं वाक्य. ते त्यांनी सीमॉसबद्दल, रस्त्यातल्या नव्या दुभाजकाबद्दल आणि धाकट्या जावयाबद्दल सारख्याच गांभीर्याने वापरलेलं मी ऐकलं आहे. एकदा मी मोबाईलवर दोन फोटो शेजारीशेजारी दाखवले आणि विचारलं, यातला सीसीडीचा कोणता? भाऊंनी चष्मा पुसला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला, आणि सीमॉसच्या फोटोवर बोट ठेवून त्याच्या इमानाची तारीफ केली. चूक सांगितल्यावर म्हणाले, "तुमच्या मोबाईलचा काच खराब हाये."

या इमानाचं पुढे काय होतं, हेही सांगतो. अल्बमवाला नवरा-नवरीला उन्हातून कापतो आणि बर्फाच्या डोंगरावर, दोन हंसांच्या मध्ये चिकटवतो. मग त्या पानाचा मोबाईलने फोटो काढून नवरीची आत्या तो डीपी म्हणून नखाएवढ्या गोलात लावते.

मागच्या हिवाळ्यात भाऊंच्या बायकोची, सुमनवहिनींची, मान हलायला लागली. मग हात. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल. वहिनींचा एकटीचा म्हणावा असा एकही फोटो त्या घरात नव्हता. अर्ध्या अमरावतीची हनुवटी वर-खाली करणाऱ्या माणसाला घरातली हनुवटी राहून गेली होती.

"सर," भाऊ एक दिवस जिन्यात थांबून म्हणाले, "पुढं कशी होईन काय मालूम. आता हाये तशी एकदा काढून ठेवतो तिले."

त्यांनी सीसीडी काढला. पण उन्हात वहिनींना घेरी यायची आणि फ्लॅशने डोळ्यांत पाणी यायचं. उरला खिडकीचा उजेड. तेवढ्यावर सीसीडीला डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात वहिनींची मान इकडून तिकडे जाऊन यायची. प्रत्येक फोटोत खुर्ची सुरेख आणि वहिनी धुक्यात.

"सुमन, जरासाक थांब न!"

"मी थांबलीच हाये. मान थांबत नाई तं मी काय करू?"

भाऊंनी कॅमेरा दुपट्ट्यात गुंडाळला आणि खाली निघून गेले. पुढचे काही दिवस सीमॉसला कोणी शिव्या दिल्या नाहीत. राजापेठेत फार शांतता वाटली.

मग एका सकाळी म्हणाले, "सर, अकोल्याले येता का?"

"काहून?"

"काम हाये."

सीमॉसवाला कॅमेरा अमरावतीतही भाड्याने मिळतो, पण इथे भाऊंना सगळे ओळखतात. अकोल्यापर्यंत बसमध्ये त्यांनी तोंडावरचा दुपट्टा सोडला नाही. दुकानात नाइलाजाने सोडला, तर दुकानदार उभाच राहिला.

"मधुकरकाका? तुमी? अन् सीमॉस?"

"माह्यासाठी नाई," भाऊ म्हणाले. "सरायसाठी."

मला मोबाईल सरळ धरता येत नाही. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसवलं. थांब म्हणाले नाहीत. "बोलत राय," म्हणाले.

"काय बोलू? आजवर तं तुमीच बोलले सगळं. अन् हा कॅमेरा कोनाचा?"

"सरायचा."

वहिनींनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मला स्वतःबद्दल वाईट वाटलं. कॅमेरा टकटक करत होता. भाऊंचा डोळा त्याला चिकटलेला. तेवढ्यात वहिनी ओट्याकडे पाहून ओरडल्या, "अवो, दूध!"

गॅस माझ्यापेक्षा भाऊंना जवळ होता. मी उठलो, तर त्यांनी तळहात आडवा केला.

"सर, हालू नका."

दूध शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून जमिनीवर आलं. मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला, गॅस बंद केला, आणि तो फोटो पडद्यावर मोठा करत गेले. कपाळावरचे भुरभुरे केस. वैतागाने उघडलेलं तोंड. कानाची ओघळलेली पाळी. सगळं जिथल्या तिथे, थांबलेलं.

"आली," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आली सुमन."

वहिनी तोवर कापऱ्या हाताने ओटा पुसायला लागल्या होत्या. भाऊंनी त्यांच्या हातून फडकं घेतलं. त्यांना मी फडकं हातात घेतलेलं आजवर पाहिलं होतं ते फक्त लेन्स पुसताना.

दूध काहीच उरलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही कोरा चहा प्यायलो.