गंगाधरकाकांचा एक तारा

गंगाधरकाका हॉटेलात जेवायला बसले की आधी ताट चाटूनपुसून लख्ख करायचे, हात धुवायचे, बडीशेप तोंडात टाकायचे आणि मग मालकाच्या समोर उभे राहून सांगायचे, "बेकार! एकदम बेकार! असलं अन्न दुश्मनाला बी वाढू नका."

नवा मालक असला तर चपापायचा. जुना असला तर हसायचा, कारण काका दोन दिवसांनी परत त्याच टेबलावर बसणार हे त्याला ठाऊक असायचं.

मग ते दारातच थांबून फोन तोंडासमोर आडवा धरायचे आणि मोठमोठ्यानं बोलून अभिप्राय लिहायचे. "वरण म्हणजे म्हशी धुतलेलं पाणी, पूर्णविराम. भाकरीनं दात हलला, पूर्णविराम." तो फोन 'पूर्णविराम' हा शब्दही इमानदारीनं लिहून टाकायचा. शेवटी एक तारा. "शून्य कामून देऊ देत न्हाई रे हे?" असं मला दर वेळी विचारायचे. परभणीतली निम्मी हॉटेलं त्या एका ताऱ्याखाली नांदत होती.

आम्ही शेजारी. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मी बियाण्यांच्या दुकानात कामाला. माझ्याकडे मोटारसायकल आणि त्यांच्याकडे भूक, असा आमचा रविवारचा मेळ होता. माझी बायको रेखा एकदा सणाच्या पुरणपोळ्या देऊन आली, तर काकांनी त्या संपवून भिंतीवरून आवाज दिला, "सूनबाई, बेकार!" रेखा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "पण चेहरा असा कामून करतात ओ ते? शिव्या देताना भ्यायल्यासारखे दिसतात."

ते मीही पाहिलं होतं. 'बेकार' म्हणताना काकांची नजर मालकावर नसायची. ती त्याच्या खांद्यावरून मागे, भटारखान्याच्या अंधाराकडे लागलेली असायची. तिथून कुणी ऐकतंय, अशी.

आधी ते असे नव्हते. काकू गेल्या, घरातली चूल थंडावली, तेव्हा ते बाहेर जेवायला लागले. मुलगी वैशाली तेव्हा सासरी, नांदेडला. तिनंच फोनवर अभिप्राय लिहायला शिकवलं, तेवढाच विरंगुळा म्हणून. सुरुवातीला काका भरभरून तारे द्यायचे. मानवतच्या स्टँडसमोर एक भजेवाला होता. त्याचे भजे खाऊन काकांनी त्याचा हातच धरला. "जन्मात असले भजे खाल्ले न्हाईत बाबा." पाच तारे. पुढच्या रविवारी गेलो तर तिथं काळं पडलेलं लोखंड आणि राख. स्टोव्ह भडकला होता. माणूस वाचला, पण त्यानं पुन्हा कढई चढवली नाही.

"वाईट झालं," मी म्हणालो.  परतताना गाडीवर काकांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

त्यानंतर चुडाव्याच्या वाटेवरचा ढाबा. नवरा-बायको दोघंच चालवायचे. पिठलं, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, एवढंच. जाताना काकांना राहवलं नाही. त्या बाईला म्हणाले, "माय, तुझ्या हाताला लय चव हाय." बाई लाजली. पदर तोंडाला लावून आत गेली.

पुन्हा गेलो ते भर दुपारी. दोन्ही बाजूला कापूस, वारा पडलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ढाब्याचा पंखा चालू होता. टेबलं पुसलेली, तांबे पाण्यानं भरलेले. काकांनी आवाज दिला, "अहो, कुणी हाय का?" कुणी ओ दिली नाही. मी आत डोकावलो. चुलीत निखारे होते. परातीत मळलेलं पीठ होतं आणि त्याच्यावर चार बोटं उमटलेली. नुकतीच. ओली.

मागच्या बाजूला गेलो. दोरीवर लुगडं वाळत होतं. माणूस नव्हतं. आम्ही तासभर बसलो. पिठावर हळूहळू पापुद्रा धरला. काका एकसारखे त्या बोटांकडे बघत होते. मग एकदम उठले, मला म्हणाले, "चल. पळ. गाडी काढ."

तो ढाबा पुन्हा उघडला नाही. कुणी म्हणालं पुण्याला गेले, कुणी म्हणालं बाईच्या माहेरी काही झालं. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून काकांच्या तोंडी 'बेकार' आलं आणि मुक्कामाला राहिलं. मला वाटलं, एकटेपणानं माणूस आंबलं.

दोनेक वर्षं अशी गेली. मग वैशालीच्या नवऱ्याची परभणीला बदली झाली आणि तिनं विद्यापीठाच्या रस्त्यावर एक गाळा घेऊन खानावळ उघडली. पहिल्या दिवशी आम्ही सगळे गेलो. तिनं आईच्या हाताची येसर आमटी केली होती. भाजलेल्या धान्याचं ते मसालेदार पीठ पाण्यात कालवून उकळलं की जो वास सुटतो, त्यानं रस्त्यावरची पोरं आत वळत होती. काका जेवले. वाटी तोंडाला लावून पिले. वैशाली समोर उभी, डोळ्यांत प्राण आणून.

"बेकार," काका म्हणाले. आणि सवयीनं दारात जाऊन फोन काढला. "आमटी म्हणजे गटारीचा गाळ, पूर्णविराम. कुणी बी जाऊ नये."

वैशाली तिथंच खाली बसली. संध्याकाळपर्यंत तो अभिप्राय सगळ्या पोरांच्या फोनवर फिरला. दुसऱ्या दिवशी पातेलं तसंच भरलेलं राहिलं. तिनं मला फोन केला. "दादा, मी काय केलं ओ त्यांचं? जगाला शिव्या द्या म्हणावं, मला कामून?"

मी तडक काकांकडे गेलो. दुपारची वेळ. ते घरात पाटावर बसले होते, समोर काहीच नव्हतं. मी बोललो, जरा जास्तच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"बस," ते म्हणाले. "तुझी काकू कशी गेली, तुला काय माहीत हाय?"

"झटका आला ना? स्वयंपाकघरात."

"मी इथंच बसलो होतो. ह्याच पाटावर. येसर केली होती. उभ्या जन्मात मी तिच्या जेवणाला चांगलं म्हणलो नव्हतो, वाईट बी न्हाई. जेवायचं अन् उठायचं. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं. म्हणलो, आज आमटी लय झकास झाली. ती हसली. म्हणली, थांबा, अजून आणते. आत गेली." काकांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "मी भाकरी मोडून बसलो. येईल म्हणून. आवाज दिला न्हाई, कारण तिला घाई केलेली आवडायची न्हाई. आमटीची वाट बघत बसलो रे मी. ती आत पडलेली."

मी त्यांच्याजवळ सरकलो.

"मग तो भजेवाला. मग ती ढाब्यावरची माय. तू तर होतास. तू ती बोटं बघितलीस." त्यांनी माझं मनगट धरलं. "माझं चांगलं म्हणणं कुणीतरी ऐकतंय, बाबा. आतमधी उभं राहून. वैशीच्या आमटीचा वास आला. डिट्टो तिच्या आईची. म्हणून लय मोठ्यानं शिवी दिली. त्याला ऐकू जावी म्हणून."

घरात कुणी नव्हतं. तरीही, खरं सांगतो, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसणं मला जड गेलं. मी जागा बदलली.

मी वैशालीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर तिनं मला काकांना घेऊन यायला लावलं. ते उंबऱ्यापाशी अडून बसले, तर हाताला धरून तिनं आत बसवलं आणि आमटीची वाटी समोर ठेवली.

"बाबा, आईला त्या दिवशी सकाळपासून छातीत दुखायलं होतं. मला फोनवर म्हणली. वर म्हणली, ह्यांना सांगू नको, जेवण सोडून दवाखान्यात पळतील. तुमच्या बोलण्यानं न्हाई गेली ती."

काका तिच्याकडे बघत राहिले. "मग भजेवाला?"

"ते मला न्हाई माहीत."

"अन् ती ढाब्यावरची?"

"ते बी न्हाई माहीत." वैशालीनं वाटी त्यांच्याकडे सरकवली. "पण मला भ्या वाटत न्हाई. कशी झाली, खरं सांगा."

काकांनी वाटी उचलली. एक घोट घेतला, दुसरा घेतला. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मी भटारखान्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं.

"तुझ्या आईसारखी," काका म्हणाले. "लय झकास."

त्याच क्षणाला लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. आतून कसलाही आवाज नाही. वैशाली सवयीनं म्हणाली, "थांबा, अजून आणते," आणि वळली. तसा काकांनी झडप घालून तिचा हात धरला.

"तू न्हाई. बस इथं."

ते उठले. वाटी घेऊन त्या अंधारात गेले. आम्ही दोघं बाहेर बसून राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पातेल्यात पळी वाजली. काका दोन भरलेल्या वाट्या घेऊन बाहेर आले, एक लेकीसमोर ठेवली आणि म्हणाले, "तू जेवलीस का सकाळपासून?"

आता काका रोज तिथंच जेवतात. पोरांनी अभिप्राय काढायला लावला, तो त्यांना काढता येईना, मग पोरांनीच काढून दिला. ते भिंतीकडे पाठ आणि भटारखान्याकडे तोंड करून बसतात. मधेच घास हातात धरून आवाज देतात, "वैशे?"

आतून येतं, "हाय, बाबा."

दोन घास खाल्ले की पुन्हा, "वैशे?" नवी गिऱ्हाइकं एकमेकांना खुणा करून हसतात. जुनी हसत नाहीत.

परवा मी तिथं होतो. काकांनी आवाज दिला आणि ओ आली नाही. घास तोंडापाशी थांबला. काका उठले नाहीत, मला वाटतं त्यांच्यानं उठवलंच नसतं. आत मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"हाय ना, बाबा. जेवा तुमी."

काकांनी घास तोंडात घातला.