तिथीयंत्रास हात लावल्याचे वर्तमान

श्रीगजाननास, आणि ज्यांचे नाव कोणी विचारीत नाही अशा सर्व दुरुस्ती करणारांस नमन असो. शके १९४१, विकारीनाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी संगणकास हुकूम करावयाची एक भाषा होती, आणि ती जाणणारांचे एक राज्य होते. राज्यास कोट नाही, खजिना नाही, पगार कोणास नाही. कोणी अवजार घडवावे आणि चव्हाट्यावर ठेवावे, मग ज्यास लागेल त्याने फुकट न्यावे, ऐसा कारभार. नवे अवजार जो आणी त्यास भरसभेत शेला मिळे. जुने दुरुस्त करी त्यास काही न मिळे. उलट रिवाज ऐसा की, अवजारास शेवटचा हात ज्याचा, तक्रारी सर्व त्याचे माथी, आणि दुसऱ्याचा हात लागेतो सुटका नाही. म्हणोन शहाणे लोक जुन्यापासून दूर राहात.

त्यात तिथीयंत्र म्हणोन एक लहान अवजार होते. आज तारीख कोणती, उद्या कोणती, इतकेच ते सांगे. परंतु अर्ध्या राज्याची अवजारे त्याचे आधारे चालत. सगुणाबाई केळुसकर यांनी तरुणपणी त्यातील एक ओळ सुधारिली आणि अडकल्या. आता केस पांढरे जाहले. बाईंचे मनी मालवणास राहून पोहणे शिकावे, परंतु गुडघाभर पाण्यात उतराव्या तो किनाऱ्यावर फोन वाजे आणि कोणी परमुलखीचा विचारी, "बाई, आमचा फेब्रुवारी कोठे गेला?" अखेर बाईंनी दरबारास कळविले की, पौर्णिमेस यंत्र बंद करून आम्ही पाण्यात उतरणार.

दरबार घाबरला. मुख्य कारभारी निळकंठराव आगाशे यांनी सभा भरविली आणि बाईंस शेला देऊ केला. बाई बोलिल्या, "रावसाहेब, शेला पांघरून पोहता येते काय? कोणीतरी हात लावा, म्हणजे मी सुटते." हे ऐकताच सभेने आपापले हात उपरण्याखाली घेतले. मग रंगोपंत शिरगोपीकर, ज्यांस शेले फार, ते म्हणाले, "जुने जाऊ द्या की बाई! आम्ही नवे तिथीयंत्र केलेच आहे."

"उघडा पाहू."

उघडिले तो आत बाईंचेच यंत्र, वरून रंग तेवढा नवा. मग इतरांची नवी यंत्रे उघडिली, आणि आत तेच. सभा हसली. रंगोपंत चिडून म्हणाले, "हसता काय? शेला नव्यास मिळतो, म्हणोन आम्ही नवे आणितो. जुने धरून या बाईंसारखे बसावे काय?"

कारभारी हसले नाहीत. त्यांनी विचार केला की, पंत बोलतात ते खरे, लोक शेल्याकडे धावणारच. मग हुकूम केला, "आजपासून हात लावील त्याचे गळ्यात अवजार पडणार नाही. तक्रारी महिन्याचे पाळीने घ्याव्या आणि पाळी निभावील त्यास शेला."

"उत्तम," रंगोपंत म्हणाले, "पहिली पाळी कोणाची?"

सभेत कोणी हलेना. हुकूम नवा, भय जुने. तेव्हा निळकंठरावांनी उपरण्यातून आपला हात काढिला आणि यंत्रावर ठेविला. बाई त्याच दिवशी मालवणास गेल्या. महिनाभर कारभाऱ्यांनी लोकांचे फेब्रुवारी शोधून दिले, आणि महिना भरताच सर्व राज्य टक लावून पाहू लागले की, राव सुटतात की नाही. रंगोपंत पुढे आले, पुटपुटले, "द्या इकडे," आणि राव खरेच सुटले. मग पाळीस माणसे मिळू लागली. एकाने यंत्रातील ओळींमधली नुसती मोकळी जागा इकडची तिकडे करून शेला मागितला; तो दिला नाही.

पौषात बाईंस यंत्रात एक चूक दिसली. पाण्यातून आल्या, हात पुसले, एक ओळ सुधारून पाठविली. रंगोपंतांनी फोन केला, "बाई, सवय जात नाही ना? पुन्हा हात लावलात!"

"लावला. आता जाऊ?"

"जावे."

बाई पाण्यात गेल्या. फोन पुन्हा वाजला नाही.

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. भाषा चालली आहे, पाळी चालली आहे, आणि सगुणाबाई आता खोल पाण्यात जातात.