भावकू अमेरिकन

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नागेंद्र अमणगीकरांचे पणजोबा अमेरिकन झाले. त्यांना जाऊन ऐंशी वर्षं उलटली होती, त्यामुळे त्यांची संमती घेण्याचा प्रश्न नव्हता.

नागेंद्र बेळगावात अनगोळला राहत आणि तिथेच विम्याच्या कचेरीत नोकरी करत. कन्नड शाळेत शिकलेली मुलगी सौम्या हिला नर्सिंगला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. शुक्रवारी पाचच्या आत जातीचा दाखला दिला नाही तर जागा जाणार होती. दाखल्याला वंशावळ लागत होती, आणि गावाकडच्या कचेरीतून वंशावळ हातात आली तेव्हा सगळ्यात वर छापलं होतं : भावकू अमेरिकन, जन्म १८७२.

"हे काय हो?"

कारकुनाने कागद दूर धरून पाहिला. "इंग्लिश अक्षरात अमणगीकर टाइप केलं की कॉम्प्युटर आपल्या मनानं दुरुस्त करतंय री."

"मग तुम्ही परत दुरुस्त करा की."

"आता रेकॉर्ड झालं. ते अमेरिकन न्हवते म्हणून अर्ज द्या. घरातलं जुनं माणूस साक्षीला आणा."

"अहो, आमचे पणजोबा संकेश्वरच्या पलीकडं कधी गेले न्हाईत!"

"इकडनं तिकडं गेले न्हाईत, खरं तिकडनं इकडं आले न्हाईत कशावरनं?"

घरातलं जुनं माणूस म्हणजे सदलग्याच्या गुणाबाई, नागेंद्रांच्या आत्या. वय चौऱ्यांशी, आवाज खणखणीत. गुरुवारी त्यांना गाडीत घालून आणताना नागेंद्र वाटभर पढवत होते.

"आत्ती, एवढंच सांगायचं. भावकूआज्जा अमेरिकन न्हवता."

"मला शिकवू नगंस. माझा आज्जा त्यो."

कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "आजी, भावकू अमेरिकन होते काय?"

"व्हय की!"

"आत्ती!"

"तू गप रं नागू. तुला काय ठावं? सगळं गाव त्येला मरिकनच म्हणायचं! मारकीनचा सदरा, मारकीनचंच धोतर. लगनातबी दुसरं कापड अंगाला लावलं न्हाई. मरिकन भावकू म्हटलं की सदलग्यापतूर वळखायचे."

"साहेब, मारकीन! कापड असतंय ते, जाडंभरडं!" नागेंद्र उठून उभेच राहिले.

"साक्षीदार बोलताना मधी बोलायचं न्हाई," साहेब म्हणाले आणि लिहू लागले : मयत अमेरिकन असल्याचे संपूर्ण गावास माहीत होते.

गुणाबाईंनी खाली ठळक अंगठा उठवला. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "या वयात खोटं बोलू व्हय?"

घरी नागेंद्रांच्या बायकोने, मंगलने, सगळं ऐकून घेतलं. "लगन ठरवताना तुमच्यातलं कुणी बोललं न्हाई ते."

"काय?"

"सासर अमेरिकेचं हाय म्हणून. चांगल्या चार साड्या तरी आणल्या असत्या."

शुक्रवारी दुपारी नवी वंशावळ मिळाली. आता त्यात कसलीही विसंगती नव्हती. भावकू अमेरिकन. त्यांचा मुलगा अमेरिकन, नातू अमेरिकन, नागेंद्र अमेरिकन आणि शेवटी सौम्या अमेरिकन.

"बाप अमेरिकन आन् पोरगा अमणगीकर, असं वंशावळीत चालत न्हाई री," कारकून म्हणाला. "आत्तींच्या साक्षीमुळं काम सोपं झालं."

जातीचा दाखला अर्थातच मिळाला नाही. नागेंद्र तोच कागद घेऊन, सौम्याला बरोबर घेऊन, कॉलेजवर गेले. चार दिवसांची मुदत मागायची, एवढाच विचार होता. खिडकीतल्या बाईंनी वंशावळ वरून खाली वाचली.

"राखीव जागा यांना देता येत न्हाई, सर. अमेरिकन आहेत."

"मॅडम, आम्ही अनगोळचे!"

"ते पत्त्यात दिसतंय. पण परदेशी विद्यार्थ्यांची एक जागा आहे. तीन वर्षं झाली, कुणी फिरकलंच न्हाई." त्यांनी एक कोरा अर्ज पुढे सरकवला.

"पप्पा, भरू?"

नागेंद्रांनी घड्याळ पाहिलं, मुलीचं तोंड पाहिलं. "भर. पण आडनाव बरोबर लिही."

"कुठलं बरोबर?"

उत्तर यायच्या आत बाईंनीच वंशावळीत बघून आडनाव लिहिलं, शिक्का मारला आणि खिडकी लावून घेतली.

सोमवारी कॉलेजचा फोन आला. अर्ज मंजूर झाला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलीला कन्नड शिकायला किती दिवस लागतील, एवढंच विचारलं.