तबकडीची चौकशी

बाहेर पाऊस आलाय असं कोणी सांगितलं, तर गायधनी भाऊसाहेब आधी खिडकीतून हात बाहेर काढायचे. तळवा ओला झाला की मगच छत्री शोधायची. तालुक्याच्या महसूल कचेरीत ते सर्कल अधिकारी होते, मी कारकून. बांधाचा वाद असो की ढासळलेली विहीर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “प्रत्यक्ष पाहिलं का?” पंगतीत कोणी जिलेबी छान झालीय म्हणालं, तरी ते गंभीरपणे विचारायचे, “प्रत्यक्ष खाल्ली का?”

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पिंपळगावच्या अलीकडच्या एका खेड्यातून पोलीस पाटलाचा अहवाल आला. द्वारकाबाई नावाच्या म्हातारीला तिन्हीसांजेला द्राक्षबागेवर चमकती तबकडी तरंगताना दिसली होती. बघ्यांची गर्दी झाली, पेपरात बातमी आली, तेव्हा वरून शेरा आला की चौकशी करावी. कचेरी पोट धरून हसली. भाऊसाहेबांनी मात्र मोजायची टेप आणि होकायंत्र पिशवीत टाकलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

म्हातारीचा मुलगा नाशिकहून आला होता. त्याने भाऊसाहेबांना बाजूला घेतलं. वडील गेल्यापासून आई मळ्यात एकटीच राहते, आता असलं काहीबाही सांगते, लोक हसतात. तिला फ्लॅटवर न्यायचंय, पण ती हलत नाही. सरकारी कागदावर एवढंच आलं पाहिजे की तिचं डोकं ठिकाणावर नाही. मुलगा वाईट नव्हता, दमला होता. भाऊसाहेब म्हणाले, आधी बाईंना भेटतो.

द्वारकाबाई ओट्यावर बसल्या होत्या. गावाने इतकी टिंगल केली होती की त्यांनी आम्हाला जायलाच सांगितलं, मला काय दिसलं नाय म्हणाल्या. भाऊसाहेब त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. शेताच्या हद्दी विचारायचे त्याच सुरात त्यांनी रंग विचारला, दिशा विचारली. हळूहळू बाई बोलायला लागल्या.

“आवाज आला का?”

“नाय आला. आला असता तर सांगितलं असतं.”

“आत कोणी बसलेलं होतं?”

“लांबून कसं दिसंल, भाऊसाहेब? मला सुईत दोरा ओवता येत नाय.”

मग भाऊसाहेब बागेत शिरले. होकायंत्र लावलं, टेप धरली, कुठे पानं करपलीत का ते वेलीवेलीपाशी वाकून पाहिलं. हायवेवर कोणा दुकानाचा जाहिरातीचा फुगा सुटला होता का, तेही विचारून आले. काहीच हाती लागलं नाही. तिन्हीसांजेला ते बाईंशेजारी बांधावर बसले आणि दोघं वर बघत राहिले. बगळ्यांची एक रांग गेली, बाकी आभाळ मोकळं.

मुलाने विचारलं, मग काय लिहिणार?

“आभाळात काय होतं ते मला माहीत नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “बाईंचं डोकं ठिकाणावर आहे, ते मात्र मी प्रत्यक्ष पाहिलं.”

तसंच लिहिलं त्यांनी. साहेबांनी दोनदा परत पाठवलं, तरी शब्द बदलला नाही. गावाची टिंगल थांबली. द्वारकाबाई शेवटपर्यंत मळ्यातच राहिल्या आणि मुलगा दर रविवारी येऊ लागला.

त्या दिवशी परतताना आम्ही हायवेवर चहाला थांबलो. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, भाऊसाहेब, तुमचा बसला विश्वास? त्यांनी चहावर फुंकर घातली. मग बायकोबद्दल बोलले. आधी कधीच बोलले नव्हते.

“शेवटच्या आजारात ती म्हणायची, दारात कोणी तरी आलंय. मी दर वेळी उठायचो, दार उघडून दाखवायचो. बघ, कोणी नाही. तिचा चेहरा उतरायचा. पुढे पुढे तिने सांगणंच सोडलं.”

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

“कोण आलंय, एवढं तरी विचारायला पाहिजे होतं.”

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं आणि द्राक्षांचे टेम्पो जात होते तिकडे बघत राहिले.