जयराम पेंटरचा अंगठा

रोज सकाळी साडेसहाला माझ्या दारावर थाप पडते. दार उघडलं की माणसाच्या आधी पाय दिसतो. जयराम पेंटर डावा पाय माझ्या उंबऱ्यावर ठेवून उभा असतो. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात रंगाच्या कंपनीचं शेड कार्ड.

"बघ मेल्या," तो म्हणतो, "काळो वाढलो काय?"

तो मालवणकडचा, मी साताऱ्याकडचा. नायगावच्या एकाच चाळीत चाळीस वर्षं काढली, त्यामुळे त्याचं बोलणं मला कळतं. मी वाकतो आणि कार्डावरचे रंगाचे चौकोन त्याच्या अंगठ्याला लावून बघतो. कार्डावरची नावं इंग्रजीत. ती आम्हा दोघांनाही वाचता येत नाहीत, म्हणून त्याने आपली नावं ठेवलीत. कोकम, जांभूळ, वांगी आणि शेवटचं डांबर. डांबर म्हणजे अंगठा कापायचा. सध्या गाडी वांगीवर आहे.

"वांगी," मी सांगतो.

"कालचीच शेड ना?"

"कालचीच."

मग तो श्वास सोडतो आणि पाय खाली घेतो. तुझा अंगठा तूच का बघत नाहीस, असं विचारलं की म्हणतो, "माझो डोळो माझ्याच बाजूने बघता."

जयरामने पन्नास वर्षं विड्या ओढल्या. बांबूच्या परांचीवर उभं राहून ओढल्या, शिडीवर बसून ओढल्या. डाव्या कानावर विडी, उजव्या कानावर पेन्सिल. उन्हाळ्यात पाय ठणकायला लागला आणि अंगठा काळा पडला. मी त्याला हॉस्पिटलात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितला आणि सरळ सांगितलं, विडीने पायाच्या नसा बंद होत चालल्यात. विडी सोडा, नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. जयरामने घासाघीस केली.

"रोजच्या दोन चालतील, बाई?"

"दोन विड्या ओढा, दोन बोटं द्या."

त्या दिवसापासून विडी बंद. आज बेचाळीस दिवस झाले. येत्या गुरुवारी बाई ठरवणार आहेत, अंगठा राहतो की जातो.

माझी बायको हिरा गेली त्याला दहा महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला मी बसलेलो नाही. एवढंच सांगतो की ती गेल्यापासून मला सकाळी उठावंसं वाटत नाही. ह्या माणसाच्या अंगठ्यापायी उठावं लागतं.

तलफ आली की जयराम म्हणतो, "इली." नावडती नातेवाईक बाई पिशवी घेऊन जिना चढताना दिसावी, तसं म्हणतो. ती पाच-सात मिनिटं बसते आणि जाते. मग म्हणतो, "गेली." मधल्या वेळात जे काही होतं ते चाळ भोगते. पहिल्या आठवड्यात त्याने लवंगा चावल्या, जीभ सोलून निघेपर्यंत. तिसऱ्या दिवशी खोकला वाढला, तर मला समजावायला लागला. विडी होती तोवर एवढा खोकला नव्हता, म्हणजे विडी हेच औषध होतं. पेपरवाल्याशी पेपरच्या घडीवरून भांडला. समोरच्या बाईंनी कुकरच्या चार शिट्ट्या केल्या, तर तीनमध्ये डाळ शिजते म्हणून त्यांना सांगायला गेला.

एका सकाळी पाय न दाखवताच आत येऊन बसला. तोंड उतरलेलं.

"रात्री ओढली," म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "कुठून आणलीस?"

"स्वप्नात रे. परांचीवर होतंय आणि ओढली. अख्खी." मग अंगठ्याकडे बघितलं. "ती मोजूची काय?"

मी विचारलं, "धूर आत घेतलास का?"

त्याने खरोखर आठवून बघितलं. "घेतलंय."

"मग मोज," मी म्हटलं. मस्करीत म्हटलं होतं. पण तो घरी गेला आणि दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला शपथ घालून सांगावं लागलं की स्वप्नातली धरत नाहीत.

मग त्याला उपाय सापडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे विडी तोंड मागत नाही, हात मागतो. हाताला ब्रश द्यायचा. कॉटखाली उरलेल्या रंगाचे डबे होतेच. एका तलफेला एक वस्तू. आधी त्याच्या मजल्यावरची पाण्याची पिंपं हिरवी झाली, मग खिडक्यांचे गज, मग जिन्याचा कठडा. माझं बसायचं स्टूल पिवळं केलं आणि सुकलंय की नाही ते सांगायला विसरला. माझ्या एका लेंग्यावर अजून पिवळा पट्टा आहे.

आमची चाळ पाडायची आहे. तिथे टॉवर होणार. सर्व्हेवाले येऊन दारादारावर लाल रंगाने नंबर टाकून गेले होते. एका दुपारी जयरामला मोठी तलफ आली. संध्याकाळी माणसं कामावरून घरी आली, तर तिसऱ्या मजल्यावरची आठच्या आठ दारं आकाशी, आणि एकावरही नंबर नाही.

"पेंटरकाका, आमचं घर गेलं ना यादीतून," त्याच्या शेजारची सून रडायला लागली.

"अहो, असं कसं केलंत? बघायचं तरी," एक जण ओरडला.

जयराम ब्रश हातात घेऊन मध्ये उभा. "पुसतंय, पुसतंय," एवढंच म्हणत होता. पुसून काय होणार, खालचा नंबरही गेला असता. चार दिवस सगळ्यांच्या जीवाला घोर. शेवटी सर्व्हेवाले परत आले, नंबर टाकले. त्यातला एक हसत म्हणाला, "पाडायच्या इमारतीला रंग कोण मारतो, बाबा?"

"ज्याचो पाय कापूचो आसा, तो," जयराम म्हणाला.

तो माणूस हसायचा थांबला.

जयराम राहतो तिसऱ्या मजल्यावर, मी तळाला. आमच्याकडे लिफ्ट नाही. त्या पायाने तीन जिने उतरायला त्याला पंधरा मिनिटं लागतात, वर जायला त्याहून जास्त. त्याचा मुलगा बदलापूरला असतो. चांगला मुलगा आहे. बाबा इकडे या, लिफ्ट आहे, म्हणून कधीपासून मागे लागलाय. मीही जयरामला स्पष्ट सांगितलं, "जा की मुलाकडे. सून गरम गरम जेवायला घालेल. पाय गेला तरी तिथे भागेल तुझं."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. म्हणजे सकाळी यायचा, उंबऱ्यावर पाय ठेवायचा, मी "वांगी" म्हणायचो, आणि पाय उचलून जायचा.

काल शनिवार. संध्याकाळी मी दार लोटून आत पडलो होतो. जयराम बाहेर फोनवर होता. त्याच्या खोलीत रेंज नसते म्हणून तो खाली माझ्या दाराजवळ येतो, आणि कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावतो. त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

मुलगा म्हणत होता, "बाबा, हट्ट सोडा. तिथे कोण आहे तुमचं?"

"माझा कोण नाय. ह्याचा कोण नाय."

"कोणाचं?"

"किसनाचा. खाली ऱ्हवता तो म्हातारो. बायको गेल्यापासून उठणा नाय रे. नायतर दार बंद करून दहा-अकरा वाजेपर्यंत पडान असता. पाय दाखवूक जातंय म्हणान दार तरी उघडता."

"पण अंगठा तुमचा तुम्हाला दिसतो ना?"

"दिसता तर. सगळो जन्म रंगात काढलंय. माका शेड कळणा नाय?"

"आणि त्यासाठी रोज तीन जिने? ह्या पायाने?"

"पाय ऱ्हवलो तरच जिने उतरतलंय ना. म्हणान तर सोडलंय विडी."

किसन म्हणजे मी. मला आधी रागच आला. म्हातारा म्हणे. हा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आणि इतके दिवस मी समजत होतो की ह्याला मी सांभाळतोय. मग राग गेला. रात्रीचं जेवण बनवून ठेवलं होतं, ते घ्यायला काही उठलो नाही.

आज सकाळी पावणेसहाला मी आपण होऊन उठलो आणि जिना चढायला लागलो. असा उठलो ते दहा महिन्यांत पहिल्यांदा. प्रत्येक मजल्यावर थांबलो. त्याचं आकाशी दार अर्धवट उघडं होतं.

दिवसाची पहिली विडी तो ह्याच वेळेला ओढायचा, चहाच्याही आधी. आता तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, वर अंगाचा सगळा भार. बनियन घामाने ओलं. दात आवळलेले, मान हलत होती. मला काय माहीत. माझ्या दारात येतो तेव्हा तोंड धुतलेलं असतं, केस विंचरलेले असतात. हे सगळं तो आधी एकटा उरकून येतो.

मला बघून घाबरला. "काय झाला?"

"काही नाही झालं. उठलो."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. बसायला वेळ लागला. त्याने मांडीखालचा एक हात काढला आणि माझं मनगट धरलं. रंगाऱ्याचा हात, पकड घट्ट. दुखत होतं. मी सोडवून घेतलं नाही.

त्याचा श्वास लागला होता. तशातच त्याने विचारलं, "काल रात्री जेवलंस?"

एरवी मी हो म्हणून टाकलं असतं.

"नाही," मी म्हटलं.