नीलव्वांची हवा

सोलापुरात आलो त्या पहिल्याच दिवशी नीलव्वांनी मला उन्हात वाळत घातलं.

सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत मला नोकरी लागली होती आणि बाळीवेशीत त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. सामान उतरवतानाच त्यांनी गाव विचारलं. कोकणातलं, समुद्राकाठचं गाव सांगितल्यावर त्या चक्क मागं सरकल्या. मग माझी गादी, उशी, कपडे, पुस्तकं सगळं अंगणात पसरलं आणि मलाही पायरीवर बसवलं. एप्रिल महिना होता. मी हळूच सावलीला सरकलो, तर म्हणाल्या, "बस की. अंगात ओल हाय तुझ्या. घर खराब हुतंय माझं."

नीलव्वा साठीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि बोलण्यात मराठी-कानडीची अशी सरमिसळ की रागावल्यात की लाडात आल्यात ते कळू नये. अव्वा म्हणजे कानडीत आई; मला त्या तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. सगळी गल्ली त्यांना अव्वाच म्हणायची आणि जमेल तितकं टाळायची. कारण गल्लीतल्या हवेचा कारभार त्यांनी आपल्याकडे घेतला होता. सकाळी दारात उभं राहून, नाक वर करून त्या वारा हुंगत आणि निकाल देत. कापडगिरणीकडून वारा आला की "आज गिरणीची हवा". मग त्या दिवशी कुणी पापड-कुरडया वाळत घालायच्या नाहीत. पालापाचोळा पेटवला की अव्वा बादली घेऊन हजर. शेजारणीचा बंब फार धूर करतो म्हणून त्यांनी एकदा तो न विचारता विझवला. शेजारणीचे यजमान तेव्हा अंगाला तेल लावून पाण्याची वाट बघत बसले होते.

माझे हाल निराळे. उन्हाळ्यात वावटळ उठली की माझ्या खोलीच्या खिडक्या त्या बाहेरून कडी घालून बंद करीत, मी आत असलो तरी. मे महिन्यातलं सोलापूर आणि बंद खोली! मी आतून हाका मारायचो. बाहेरून शांतपणे उत्तर यायचं, "धूळ खाण्यापरीस घाम बरा."

एकदा मी चिडून सांगितलं की आमच्या गावी दारं-खिडक्या बारा महिने सताड उघडी असतात, समुद्रावरची मोकळी हवा येते. अव्वांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ती हवा न्हाय तम्मा, पाणी हाय. तुमी लोकं हवा पिता." समुद्राचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. माझ्या आईनं धाडलेली आंब्याची साठंही त्यांनी पत्र्यावर वाळत टाकली. ती परत मिळाली तेव्हा चपलेला तळ म्हणून चालली असती. खोली बदलायचं मी दर महिन्याला ठरवत होतो. आणि दर महिन्याला काहीतरी व्हायचं. मला ताप यायचा, अव्वा भाताची पेज घेऊन उशाशी बसायच्या आणि बेत बारगळायचा.

तिसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, त्यांनी कहर केला. मला माझ्याच खोलीतून बाहेर काढलं. त्यांची मुलगी सुवर्णा यायची होती, आणि ती खोली गिरणीपासून सगळ्यात लांब. मी ओसरीवर आलो. त्यांनी घर पुन्हा पुन्हा पुसून काढलं, ऐन थंडीत दारांना ओली फडकी लावली, आणि माझा स्टोव्ह काढून घेतला. सकाळचा चहा बंद! मुलगी लग्न करून दिलेली एवढंच मला माहीत होतं. ती कुठं दिली हे विचारलं की अव्वा विषय बदलत.

सुवर्णा आली. हसरी, बडबडी बाई. कारवारकडून आले म्हणाली, घर अगदी समुद्राला लागून. मी अव्वांकडे पाहिलं. त्या लगबगीनं आत गेल्या.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा संपेपर्यंत ती राहणार होती. दोघींनी मिळून शेंगांच्या पोळ्या केल्या, घरात पहिल्यांदाच हसणं ऐकू आलं. पण थंडीत गिरणीचा धूर वर जातच नाही, छपरांवर बसून राहतो. दुसऱ्या सकाळी सुवर्णाच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. उशाला टेकून, तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. तिला जरा आराम पडतो न पडतो तोच अव्वांनी तिची पिशवी भरली.

"राहू दे की ग अव्वा," ती म्हणाली. "उद्याला कमी हुईल."

"न्हाय. दुपारची गाडी धर."

मी मध्ये पडलो. म्हटलं, इतक्या दिवसांनी आलीये, औषध घेऊ, थोडं थांबू. अव्वांनी मला गप्प बसवलं आणि टांगा आणायला पिटाळलं. यष्टी स्टँडवर मी पिशवी वर चढवली. सुवर्णा रडत होती. अव्वा तिच्याशी धड बोलल्यासुद्धा नाहीत. तिच्या नाकावरचा पदर तेवढा घट्ट केला. गाडी हलली.

माझा संताप अनावर झाला. मी विचारलं, पोटच्या मुलीला कुणी असं हाकलतं का?

अव्वा बाकावर बसल्या. सुवर्णाचं सांगू लागल्या. लहानपणी सगळा हिवाळा पोर त्यांच्या खांद्याला टेकून, बसून झोपायची. आडवी केली की गुदमरायची. समुद्राकाठी बरं वाटेल असं डॉक्टर म्हणाले. म्हणून त्यांनीच हिंडून हिंडून तिकडचं स्थळ शोधलं. एकुलती एक पोर. नातेवाईकांनी नावं ठेवली.

"तुम्ही गेलात कधी तिच्याकडे?"

"गेलते की एकदा." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "तांदूळ निवडत गानं म्हनत हुती. आख्खं गानं, मधी कुटं थांबली न्हाय. मी दाराआड हुबी ऱ्हाऊन ऐकलं."

"मग राहायचं ना थोडे दिवस."

"लई चांगली हवा हाय तितं," अव्वा म्हणाल्या. "आनखी ऱ्हायले असते तर माझं पाऊल निघालं नसतं. लेकीच्या सासरी किती दिस ऱ्हायचं?"